नुसत्या नावाचं गाऱ्हाणं

१ एप्रिल २०२५, मंगळवार
लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली

वही नवी, घर नवं. सामानाचा टेम्पो नऊला आला आणि साडेदहापर्यंत सगळं दुसऱ्या मजल्यावर चढलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गॅलरी आणि गॅलरीसमोर एक थोरला कडुनिंब. मला घर आवडलं. पहिलं काम म्हणजे देव मांडले, दिवा लावला. दुसरं काम, दाराला पाटी ठोकली. सागवानी फळी, तिच्यावर माझ्या मुलाने, सुयशने, कोरलेली अक्षरं: श्यामकांत सावंत.

समोरच्या घरातल्या वैजयंतीताईंनी पोहे पाठवले. त्यांचे यजमान कुठल्याशा मंत्रालयात आहेत. चलो, जिन्यात अजून एक मराठी घर वाढलं, असं त्या म्हणाल्या. पोहे घेऊन आली ती त्यांची क्षिप्रा. कॉलेजात शिकते, जन्म इथलाच. देवघरातला फोटो पाहून ती थबकली. काका, भगवान के आगे चप्पल, असं तिने मोठ्या आश्चर्याने विचारलं.

मी सांगितलं की तो आमच्या पाणखोल गावचा राखणदार. त्याला देऊळ नाही, गावाच्या शिवेवर वडाखाली उभा दगड आहे. तो रोज भर दुपारी शीव चालतो. चालून वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वाहतात, आणि वर्षभरात त्या खरोखर झिजतात. टाचा घासून कागदासारख्या पातळ झालेल्या मी लहानपणी हातात घेतल्या आहेत. वहाणा हा शब्द तिला ठाऊक नव्हता. तिने तो दोनदा म्हणून पाहिला आणि वॉव म्हणाली.

तिच्याशी बोलताना पुष्कळ दिवसांनी हसू आलं. मन हलकं आहे. जे करायचं होतं ते करून आलो आहे.

२ एप्रिल, बुधवार

रुजू झालो. सेक्शनमधले लोक बरे आहेत. रुजू झाल्याचं दोन ओळीत फेसबुकवर टाकलं आणि तासाभरात एक मजाच झाली. नाशिकच्या एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचं नाव श्यामकांत सावंत! त्यांनी वर्षभर शोधून आपल्या नावाची माणसं जमवली आहेत आणि त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आहे, 'आम्ही सारे श्यामकांत'. मी सहावा. हरकत नसेल तर मंडळात या, वर्गणी नाही, फक्त दात दुखले तर माझ्याकडेच यायचं, असं म्हणून ते स्वतःच हसले.

सगळ्यांचं नाव एकच, म्हणून तिथे धंद्याने हाक मारतात. दातवाले ते. कोल्हापूरला एसटीत कंडक्टर. इंदूरला बँडमास्टर, त्यांच्या तीन पिढ्या तिकडेच गेल्या. ग्वाल्हेरला निवृत्त सुभेदार. फरीदाबादला इंजिनीअर. मला लगेच 'साहेब' करून टाकलं. कंडक्टरांनी लिहिलं, साहेब आले, आता तिकीट कुणाकडे मागायचं? सुभेदारांनी सलामी ठोकली. बँडमास्टरांनी क्लॅरिनेटवर स्वागताची धून वाजवून पाठवली, मधे कुत्रं भुंकतंय.

मी हसलो. मग इंजिनीअर हा शब्द पुन्हा वाचला.

३ एप्रिल, गुरुवार

आज नीट लिहून ठेवतो, म्हणजे मन स्वच्छ राहील.

गेल्या कार्तिकात आमच्या खाडीवरचा साकव कोसळला. पाण्यावरचा पायपूल, पलीकडच्या गावाला जायचा एकच जवळचा रस्ता. त्यावर त्या वेळी एकटा सुयश होता. तेवीस वर्षांचा. राखणदाराच्या वार्षिकासाठी पलीकडच्या चर्मकाराकडे वहाणा करायला टाकल्या होत्या, त्या घेऊन येत होता. सापडला तेव्हा वहाणा त्याने छातीशी धरलेल्या होत्या. सुयश स्पर्धा परीक्षांच्या तयारीला दिल्लीला येणार होता. त्याला बापाच्या घरी राहता यावं म्हणून मी ही बदली मागितली होती. हुकूम आला तो तेराव्यानंतर.

चौकशी झाली आणि मिटली. पुष्कळ अर्ज केल्यावर मला साकवाच्या तपासणीच्या कागदांतलं एक पान मिळालं, शेवटचं. त्यावर एक सही आणि सहीखाली नाव. श्यामकांत सावंत. माझंच नाव. त्या पानाकडे मी किती दिवस पाहत होतो कोण जाणे.

माणसांच्या कचेऱ्या संपल्या. मग फाल्गुन अमावास्येला मी राखणदाराकडे गाऱ्हाणं घालायला गेलो. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने बोलून घातलेलं साकडं, आमच्याकडे गावदेवाचे मानकरी तातू घाडी घालतात. त्यांनी विचारलं, ज्याच्यावर घालायचं त्याच्या बापाचं नाव काय, गाव कुठलं, वाडी कुठली. मला काहीच ठाऊक नव्हतं. तो इंजिनीअर आहे एवढंच सांगितलं. तातू म्हणाले, देवाला हुद्दा कळत नाही. हुद्दा माणसांनी माणसांना दिलेला. "नुसत्या नावान देवाक खय शोधूक लावतलंस?" असं म्हणून ते नारळ न वाढवताच निघून गेले.

मी गेलो नाही. बरोबर दुपारी बाराला मी एकट्यानेच गाऱ्हाणं घातलं. माझ्या पोराचा दोष ज्या श्यामकांत सावंताकडे आहे, त्याला गाठ; कुठेही असो, चालत जा आणि गाठ. वहाणा वाहिल्या त्या सुयशच्या हातात होत्या त्याच. खाऱ्या पाण्याने चामडं कडक होऊन चिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी दगडापुढे वहाणा नव्हत्या.

तेव्हापासून मला झोप लागते.

४ एप्रिल, शुक्रवार

कंडक्टर गेले. काल दुपारी ग्रुपवर त्यांनी बोलून निरोप टाकला होता, तो मी आज ऐकला. फार हसत सांगत होते. कागल स्टॉपला घोंगडी पांघरलेला उंच म्हातारा गाडीत चढला. तिकीट घेईना. तू श्यामकांत सावंत का, असं विचारलं. हो म्हटल्यावर त्यांच्या पायांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पोराचो दोष तुझो?" कंडक्टर म्हणाले, बाबा, मला तीन मुलीच आहेत, पोरगा कुठनं आणू? तेवढ्यावर तो उतरला. त्याच्या पायात फाटक्या वहाणा होत्या, एकीचा तळ लोंबत होता.

आज बारा वाजता डेपोच्या बाकावर बसल्या जागी गेले. मोजे रक्ताने भिजलेले. दोन्ही तळपायांची कातडी नव्हती. डॉक्टर म्हणाले उष्णतेचे फोड.

मी देवापुढे बसलो. तो निघाला आहे. माझं ऐकलं आहे त्याने.

कंडक्टरांचं वाईट वाटलं, हेही लिहितो. पण देवाच्या वाटेत माणूस का येतो, हे आपल्याला कळत नाही.

५ एप्रिल, शनिवार

तोच तो. इंजिनीअर. त्याच्या फोटोत मागे पूल आहे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कोकणात कधी होता का. लगेच उत्तर: होतो ना साहेब, चार वर्षं, खाड्या आणि साकव यांच्यातच आयुष्य गेलं, सोलकढीची अजून आठवण येते. पुढे हसरा चेहरा.

हसरा चेहरा!

जेवलो नाही. जप केला, पण माळ हातात कितीदा फिरली ते ध्यानात राहिलं नाही. फरीदाबाद इथून तीस किलोमीटर. मला जाऊन त्याच्या दारात उभं राहता येईल. पण मी कशाला जाऊ? येणारा येतो आहे. तो मरेल तेव्हा मी इथून ऐकेन. एवढं जवळ राहायला मिळालं, हीसुद्धा त्याचीच कृपा म्हणायची.

१९ एप्रिल, शनिवार

दातवाले गेले. दवाखान्यात, दुपारी, पेशंटच्या खुर्चीत. त्यांच्या पत्नीने ग्रुपवर कळवलं. आदल्या दिवशी कोणी म्हातारा आला होता, त्याला बसा म्हटलं तर बसला नाही, दात दाखवले नाहीत, डॉक्टरांचे बूट काढून पाय दाखवायला सांगत होता. तळपायांचं त्यांनी लिहिलं नाही. मी फोन करून विचारलं. त्या रडायला लागल्या.

ज्यांनी आम्हाला जमवलं, ते.

तातू घाडींना फोन केला. त्यांनी आधी कोण कोण गेलं ते विचारून घेतलं. मग म्हणाले, श्यामकांता, तू त्याला बापाचं नाव दिलं नाहीस, गाव दिलं नाहीस. मग तो काय करणार? त्या नावाच्या प्रत्येकाला विचारत जाणार. आणि वाहिल्यास त्या सडक्या वहाणा. त्या घाटमाथ्याच्या पुढे टिकल्या नसतील. वहाणा संपल्या की त्याला चालायला काहीतरी पायात लागतंच.

गाऱ्हाणं उलटं कसं घ्यायचं तेही त्यांनी सांगितलं. ज्याने घातलं त्यानेच, त्याच दगडापुढे, अनवाणी, नव्या वहाणा घेऊन. मी म्हटलं, रजा मिळते का पाहतो.

२१ एप्रिल, सोमवार

रजेचा अर्ज लिहिला. साहेबांच्या टेबलाशी गेलो आणि परत घेऊन आलो. मी गाऱ्हाणं उलटं घेतलं तर इंजिनीअर सुटतो. तो सोलकढी पीत राहील.

बायकोचा, कुमुदचा, फोन आला होता. ती गावीच आहे, भावाकडे. जेवलात का, एवढंच विचारते. सुयश गेल्यापासून ती माझ्याशी लांब वाक्य बोललेली नाही.

३ मे, शनिवार

बँडमास्टर. इंदूर. लग्नाची वरात दुपारी परतत होती, हा मधेच उभा राहिला आणि खाली बसला. शेवटचा निरोप काल सकाळचा: आज कोई बाबा मेरे जूते घूर रहा था यार, पूछ रहा था बेटे का दोष किसका, मैंने कहा, बाबा, धुन बजवानी हो तो बोलो. आणि मागे क्लॅरिनेट.

तो निरोप मी पुसला नाही. ऐकतही नाही.

४ मे, रविवार

नकाशा पसरून बसलो. कोल्हापूर ते नाशिक पंधरा दिवस. नाशिक ते इंदूर चौदा. म्हणजे दिवसाला दहा कोस. राखणदार दहा कोस चालतो असं आजा सांगायचा, ते खरं आहे.

ग्वाल्हेर १९ मे.
फरीदाबाद २९ मे.
त्यानंतर मी, ३० मे. पण फरीदाबादला तो ज्याला शोधतो आहे तो भेटणार, आणि काम तिथेच संपणार. पुढे यायचं कारण नाही.

मधे फक्त सुभेदार उरतात.

फक्त हा शब्द मी लिहिला आहे. खोडत नाही.

१२ मे, सोमवार

सुभेदार रोज पहाटे सुप्रभात पाठवतात, सोबत त्यांच्या गच्चीतल्या मोगऱ्याचा फोटो. आज विचारलं, साहेब गप्प का, तब्येत बरी ना? तीन श्यामकांत राहिले नाहीत, आपण उरलेल्यांनी एकमेकांना धरून राहायला हवं.

मी लिहिलं: ग्वाल्हेर सोडून कुठेतरी लांब जा. पाठवायच्या आधी पुसलं. ते का म्हणून विचारतील. सांगितलं तर ते फरीदाबादच्या माणसालाही सांगतील. तोही निघून जाईल.

मी लिहिलं, तब्येत उत्तम. मोगरा सुंदर.

१९ मे, सोमवार

आज सुप्रभात आलं नाही.

संध्याकाळी सुनेने कळवलं. गच्चीत. मोगऱ्याला पाणी घालताना.

मी दिवा लावला आणि देवाकडे पाहता येईना, म्हणून पाठ करून बसलो.

दहा दिवस राहिले. दहा दिवसांनी तो माणूस. मग मी गावी जाईन, अनवाणी जाईन, सगळ्यांच्या नावाने नव्या वहाणा वाहीन. चार जोड. आधी तो.

२२ मे, गुरुवार

इंजिनीअरने लिहिलं आहे, आता पानिपतला बदली, हायवेवरच्या उड्डाणपुलाचं काम, कालच फरीदाबादचं घर सोडलं. वर गंमत: मराठी माणूस आणि पानिपत, बघू या कसं जमतं.

नकाशा काढला.

ग्वाल्हेर. मग मथुरा. मग फरीदाबाद, तिथे आता कोणी नाही. मग दिल्ली. पानिपत त्याच्याही पुढे, उत्तरेला, तीन दिवसांच्या चालीवर.

वाटेवर मी आहे. आधी मी.

२३ मे

दाराची पाटी काढली. सुयशच्या अक्षरांवर स्क्रू-ड्रायव्हर घसरून ओरखडा पडला. क्षिप्राने विचारलं, काका, नेमप्लेट क्यों? मी म्हटलं पॉलिश करायचं आहे.

गावी जायला अजून वेळ आहे. गाडीने दीड दिवस. गेलो तर मी वाचतो आणि तोही वाचतो.

गेलो नाही.

२४ मे

उपाय सापडला. गाऱ्हाण्यात जे कमी होतं ते त्याला द्यायचं, दारात आला की तिथेच. बापाचं नाव, गाव. हा नव्हे, तो. आणि तोवर इंजिनीअरला जवळ आणून ठेवायचं.

फोन केला. म्हटलं, इतके श्यामकांत गेले, आपण दोघंच उरलो, एकदा भेटू. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात मालवणी जेवण मिळतं. २९ ला या, ३० पर्यंत राहा माझ्याकडे. तो इतका खूश झाला. साहेब, तुम्ही तर मोठे भाऊ निघालात, म्हणाला. बोलता बोलता विचारलं, वडिलांचं नाव काय? अनंत. मूळ गाव राजापूरकडचं.

वहीच्या पहिल्या, कोऱ्या सोडलेल्या पानावर लिहून ठेवलं. अनंताचा श्यामकांत.

२७ मे

ऊन पंचेचाळीसवर. दुपारी जिन्यात चामडं करकरल्यासारखं. दार उघडलं तर वैजयंतीताईंचे यजमान नवे बूट घालून उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, सावंतसाहेब, बरं नाही का?

त्यांच्या बुटांकडे पाहत होतो मी.

२९ मे, गुरुवार

जेवून आलो. हे सगळं लिहायला हवं.

तो माझ्यापेक्षा लहान आहे. चाळिशीचा, टक्कल, शर्टावर आमटीचा डाग पाडून घेणारा. सुरमई दोनदा मागवली. मीच शेवटी विचारलं, पाणखोलचा साकव आठवतो का?

त्याने हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, साहेब, तो साकव मला अजून झोपू देत नाही. तिथे एक मुलगा गेला. मी नसतो गेलो तपासणीला तर बरं, असं वाटतं. गेलो, लिहिलं, आणि काय उपयोग झाला? मग मोबाइलमध्ये शोधून त्याने त्याचा अहवाल दाखवला. तीन पानं. मला मिळालं ते तिसरं, नुसत्या सहीचं. पहिल्या पानावर जाड अक्षरांत लिहिलेलं होतं, साकव धोकादायक, वापर तत्काळ बंद करावा. तारीख दोन महिने आधीची. खाली पाटीचा फोटो. लाल पाटी, पांढरी अक्षरं, मागे खाडी. बांबूही लावले होते आडवे, तो म्हणाला, लोकांनी काढून टाकले.

ती पाटी मी पाहिली आहे.

त्याला सांगितलं नाही तो मुलगा कोणाचा. घरी न्यायचं ठरलं होतं, नेलं नाही. म्हटलं, आत्ताच्या आत्ता पानिपतला परत जा. तो गोंधळला. माझे पाय धरायला वाकला, मोठा भाऊ म्हणून. मी पाय मागे घेतले.

घराशी क्षिप्रा भेटली. म्हणाली, काका, तुम्हाला शोधत एक बाबा आले होते, कडुनिंबाखाली बसले होते दुपारी. मराठीसारखंच बोलत होते, पण बिल्कुल समजत नव्हतं. पोर म्हणजे बेटा ना? आणि दोष म्हणजे फॉल्ट? तिने त्यांना बोटाने आमचं दार दाखवलं होतं. मग म्हणाली, त्यांची चप्पल अजीब होती, काका. स्किन के कलर की.

एक दिवस आधीच आला. बरोबर आहे. फरीदाबादला थांबायला कोणी नव्हतं.

२९ मे, संध्याकाळ

कुमुदला फोन केला. अहवालाचं सांगितलं. ती म्हणाली, सुयश जायला तयार नव्हता.

एवढंच. सात महिने तिने ते तोंडात धरून ठेवलं होतं.

खरं आहे. तो म्हणाला होता, बाबा, साकवावर पाटी लागलीय, मी रस्त्याने फिरून उद्या जातो. मला वार्षिक चुकवायचं नव्हतं. मी म्हणालो, सरकारी पाट्या कशा लागतात ते मला विचार, सत्तावीस वर्षं मी त्याच लावतो आहे. जा तू. वहाणा आजच हव्यात.

तो गेला. माझ्या शब्दावर.

कंडक्टर, दातवाले, बँडमास्टर, सुभेदार. ते खोटं बोलले नाहीत. त्यांचा दोष नव्हता. तो विचारत होता आणि ते खरं सांगत होते आणि तो पुढे चालत होता — त्यांच्या पायांवर — माझ्याकडे —

३० मे, शुक्रवार, सकाळ

पाटी पुन्हा लावली. ओरखड्यासकट.

मला अजून बोलता येईल. अनंताचा श्यामकांत, पानिपत. तीन शब्द. तो तिकडे वळेल, तीन दिवस लागतील, तेवढ्यात मी गाव गाठेन. वहीचं पहिलं पान उघडून दोनदा वाचलं.

फाडलं. दिव्यावर जाळलं.

माझ्याकडून 'मी नव्हे' ऐकलं तर तो पानिपतला जाणार. विचारणारच. म्हणून आधीच सांगायचं.

११.४०

पाय धुऊन बसलो आहे. दार उघडं टाकलं आहे. क्षिप्राला सांगितलं, आज दुपारी बाहेर येऊ नका, कोणीच.

कडुनिंबाखाली आता कोणी नाही.

११.५५

खालचा जिना. करकर नाही. ओलं काहीतरी — पाऊल उचलताना फरशीला चिकटतं आहे —

पहिला मजला.

मला वाटलं होतं भीती वाटणार नाही —

गाऱ्हाणं पुरं करतो. लिहूनच, म्हणजे शब्द मागे घेता येणार नाही. वही त्याच्यापुढे धरेन.

महाराजा, माझ्या पोराचा दोष ज्या श्यामकांत सावंताकडे आहे, त्याचं गाव पाणखोल. वाडी वरची. खाडीकडचं घर. तोच तो, दुसरा कोणी नाही, इथून पुढे जाऊ नको —

घोंगडीचा वास —

उंबऱ्यात. माझ्या पायांकडे —

बापाचं नाव सोनू. सोनूचा श्यामकां